संगणक सारखा बंद पडतो? आधी कारण शोधा, मग पैसे मोजा

पेडगावसारख्या गावात घरी आलेला संगणक बहुधा जुनाच असतो. बापाने मजुरीतून, आईने बचत गटातून पैसे जमवून तो घेतलेला असतो. मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असते आणि मध्येच पडदा निळा होतो. परभणीला न्यावा, तर दुकानदार न उघडताच सांगतो, "मदरबोर्ड गेला." खरेच गेला का? पालकहो, एवढी तपासणी घरीही होते.

पहिले काम, मुलांचे दाखले, गुणपत्रके, फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग संगणक केव्हा बंद पडतो याची आठ दिवस वहीत नोंद ठेवा.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल तर तो तापत असावा. प्रोसेसर फार तापला की संगणक स्वतःहून बंद होतो. वायर काढून खोके उघडा, धूळ मऊ ब्रशने झाडा, मग पंखा फिरतो का पाहा. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळाच संदेश येत असेल तर रॅमचा संशय घ्या. पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा व घट्ट बसवा. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून चालवून बघा. 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' ही तपासणी विंडोजमध्येच असते, तिला पैसे पडत नाहीत. टकटक आवाज येऊन काम रेंगाळत असेल तर हार्ड डिस्क संपत आली समजा. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर सीआर २०३२ हा छोटा सेल बदला.

दिवा विझावा तसा एकदम बंद होत असेल तर एसएमपीएस किंवा घरातली वीज तपासा. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस लावून पाहता येतो. मात्र एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असते. विजेचा दाब सारखा कमी-जास्त होत असेल तर दोष संगणकाचा नसेलही.

आता खर्चाचे. सेल, पंखा, रॅम, एसएमपीएस यांवरचा खर्च बहुधा परवडतो. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड बदलणे मात्र क्वचितच परवडते. हमीसह मिळणाऱ्या जुन्या संगणकाच्या निम्म्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग असेल तर थांबावे. आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० व किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणून अनेक जुने संगणक त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स टाकली तर अर्ज भरणे, टंकलेखन, अभ्यास ही कामे होतात.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी मागा: कारण, लेखी बिल आणि काढलेला जुना भाग. यंत्र टाकून द्यायचे ठरले तरी हार्ड डिस्क आपल्याकडेच ठेवा.

कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही, पारखून घ्यायचे. घामाच्या पैशाला हाच नियम लावा, आणि वही-पेन मुलीच्याच हाती द्या.