डोरोथीला कुणी विचारलं?

१८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम केरी मूळचे इंग्लंडमधले पाद्री. १७९३ मध्ये धर्मप्रसारासाठी ते बंगालमध्ये आले. पुढे सतीप्रथेविरुद्धही लढले. पण त्यांची पत्नी डोरोथी? तिला यायचंच नव्हतं. अखेर मन वळवल्यावर, काही आठवड्यांचं तान्हं बाळ घेऊन ती जहाजात बसली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला आणि तिचं मानसिक संतुलनच ढळलं. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश आणि इकडे केरींचं भाषांतर, असं कित्येक वर्षं चाललं. १८०७ मध्ये सेरामपूरला ती वारली.

केरींचं काम मोठंच. पण आजही नवऱ्याची बदली ठरते, सामान बांधलं जातं. ‘तुला यायचंय का गं?’ एवढं तरी कुणी विचारतं का?