अब्बांच्या वाळूतून मस्कतपर्यंत

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत ज्या घरातला एकही माणूस ‘बाहेर’ गेला नाही, असे घर शोधावे लागते. बाहेर म्हणजे आखातात. कुणी कुवेतला, कुणी दुबईला, कुणी ओमानला. घराचे छप्पर, बहिणींची लग्ने, मुलांची शिक्षणे त्याच कमाईतून झाली. आमची बी.एड.ची फीसुद्धा तिथूनच आली. पण तो माणूस तिथे नेमका कुठे राहतो, काय करतो, हे आपण कधी विचारले का? आम्ही तरी विचारले नव्हते.

आमचे अब्बा १९७८ साली ओमानला गेले आणि २००३ साली परत आले. पंचवीस वर्षे त्यांनी वाळवंटातल्या कॅम्पांना पाणी पुरवणारा टँकर चालवला. पत्रात दोनच गोष्टी असत : खैरियत आणि ड्राफ्टची रक्कम. कधी कधी आवाज भरलेली कॅसेट येई. त्यांच्या बोलण्यामागे एकसारखी खरखर ऐकू यायची. टेप खराब आहे असे आम्ही समजायचो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने मस्कतला बोलावले. तो तिथे नोकरी करतो आणि त्याच्याकडे फोर-बाय-फोर गाडी आहे. तो म्हणाला, “सलालाहून निघू, रुब-अल-खालीच्या कडेने वाळूतून जाऊ आणि मस्कतला पोहोचू. अब्बांनाही आणा.” अब्बांचे वय एकाहत्तर. आम्हाला वाटले, नाही म्हणतील. त्यांनी एवढेच विचारले, “गाड्या किती? एक असेल तर मी येत नाही.”

भावाने ओळखीच्या एका बेदू गृहस्थांना त्यांच्या गाडीसह सोबत घेतले, तेव्हा अब्बा तयार झाले.

समुद्रापलीकडचे कोकण

सलाला हे धोफार प्रांताचे मुख्य शहर. अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खजुराची झाडे येतात. इथे मात्र नारळ, केळी आणि पपईच्या बागा. रस्त्याच्या कडेला टपऱ्यांवर शहाळी टांगलेली. आमच्या बेगम म्हणाल्या, “आपण विमानात बसून पुन्हा कोकणातच आलो की काय?” कारण सोपे आहे. जो नैर्ऋत्य मान्सून कोकणात कोसळतो, त्याचीच एक कड जून ते सप्टेंबर या भागाला स्पर्श करते. त्या मोसमाला तिथे ‘खरीफ’ म्हणतात. समुद्राकडचे डोंगर हिरवे होतात, धुके उतरते. धोफारमधले बहुतेक लोक आपल्यासारखे शाफई आहेत. मशिदीत गेल्यावर परके वाटले नाही.

पण डोंगराचा माथा ओलांडला आणि जणू कुणी पडदा ओढला. गवत संपले, झाड संपले. उत्तरेकडे नुसता दगड आणि माती. ढग डोंगराला अडतात, पलीकडे पाणी जात नाही. आमची मुलगी आठवीत आहे. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा प्रदेश तिने अर्ध्या तासात डोळ्यांनी पाहिला.

सलालापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर वादी दौका येथे लोबानची झाडे आहेत. झाड बुटके आणि वेडेवाकडे. सालीवर चीर दिली की पांढरा चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो. तो वाळून खडा झाला की लोबान. याच लोबानसाठी हजारो वर्षे उंटांचे काफिले या वाळवंटातून चालले. युनेस्कोने २००० साली इथल्या चार जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी एक वादी दौका आणि दुसरी पुढच्या वाटेवरची शिसर.

शिसर आज लहानसे गाव आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत जुन्या काफिल्यांच्या वाटा इथे एकत्र येताना दिसल्या. उत्खननात एका जुन्या गढीचे अवशेष सापडले. खालची चुनखडीची गुहा ढासळल्याने तिचा एक भाग जमिनीत गेला होता. काहींनी हीच आद कौमची ‘इरम’ असे जाहीर केले, पण अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. आम्ही मुलांना दोन्ही बाजू सांगितल्या. अब्बा त्या खड्ड्याकडे पाहून म्हणाले, “आम्ही याला पाण्याची जागा म्हणून ओळखायचो. मोठी वस्ती कुणाची का असेना, पाणी संपले की संपली.”

वाळूतली पहिली चूक

रुब-अल-खाली म्हणजे ‘रिता चौथा हिस्सा’. सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर वाळू. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. सौदी अरेबिया, ओमान, अमिरात आणि येमेन अशा चार देशांत ती पसरली आहे. बर्ट्राम थॉमस हे इंग्रज गृहस्थ १९३० च्या डिसेंबरात सलालाहून निघाले आणि पुढच्या फेब्रुवारीत दोह्याला पोहोचले. हे वाळवंट पार करणारे ते पहिले युरोपीय. पुस्तकांत नाव त्यांचे आहे. वाट मात्र बेदूंनी दाखवली होती.

वाळू सुरू होते तिथे बेदू गृहस्थांनी गाडी थांबवली आणि चारही चाकांची हवा काढली. सडकेवर ३५ असते, ती १५ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन विभागले जाते आणि चाक रुतत नाही. भावाने २२ वर थांबवली. म्हणाला, “एवढी पुरे, पुन्हा भरायला वेळ जातो.”

तिसऱ्याच टेकडीवर आमची गाडी पोटापर्यंत बसली. भावाने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तशी चाके आणखी खोल गेली. मुले रडवेली झाली. अब्बा शांतपणे उतरले. टायरवर पंजा दाबून पाहिला. “पाय काढ,” ते म्हणाले. “जितके जोर लावशील तितकी कबर खोदशील.”

मग त्यांनी आम्हाला कामाला लावले. हवा १५ पर्यंत उतरवली. फावड्याने चाकांच्या मागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढली. पुढे जाण्याचा हट्ट सोडून, आलो त्याच चाकोरीतून हळूहळू मागे यायला सांगितले. दोरखंड बांधायचीही गरज पडली नाही. गाडी निघाली. बेदू गृहस्थांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून अरबीत काही विचारले. अब्बांनी अरबीतच उत्तर दिले. दोघे हसले. अब्बांना इतकी सफाईदार अरबी येते, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळले.

त्या दिवशी जुहर आणि असर आम्ही सफरमधल्या सवलतीने एकत्र आणि कसर करून पढली. पाणी पिण्यासाठी राखायचे होते, म्हणून तयम्मुम केले. मुलांनी तयम्मुम दीनियातच्या पुस्तकात पाठ केले होते, पण ते कशासाठी आहे हे त्या जागी समजले.

रात्रीची गोष्ट

मुक्काम दोन टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर केला. भावाच्या पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून दिली होती. दिवसभर अंगातून घाम निघत होता. रात्री मात्र गोधड्या घ्याव्या लागल्या. जेवण झाल्यावर वारा सुटला. वाळू सरकू लागली आणि आम्ही दचकलो. तीच खरखर. कॅसेटमधली. टेप खराब नव्हती.

आम्ही अब्बांना ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुझ्या दादीच्या वेळेस मी असाच एका कॅम्पावर होतो.”

इथे थोडे मागचे सांगायला हवे. दादी १९८८ साली अल्लाहला प्यारी झाली, तेव्हा आम्ही तिसरीत होतो. अब्बा आले नाहीत. दफन झाले, चाळिसावा झाला, तरी आले नाहीत. सात महिन्यांनी रजेवर आले. मोहल्ल्यात लोक बोलले, “रियालाने काळीज दगडाचे होते.” ते वाक्य आमच्या कानात राहिले. अब्बांशी कधी भांडलो नाही, पण मनातून एक पाऊल मागे सरकलो, ते सरकलोच.

अब्बा सांगू लागले. तार मस्कतच्या ऑफिसात गेली. कॅम्पावर ना फोन, ना टपाल. आठवड्यातून एकदा रेशनचा ट्रक यायचा. त्या आठवड्यात तोही उशिरा आला. तार हातात पडली तेव्हा दादीला जाऊन नऊ दिवस झाले होते. “निघालो असतो तर विमानापर्यंतच आणखी चार-पाच दिवस. कॅम्पावर चाळीस माणसे आणि टँकर एक. बदली ड्रायव्हर नव्हता. पाणी थांबवून कसा येणार? मी गायबाना नमाज पढली आणि गाडी भरायला गेलो.”

“हे घरी का नाही सांगितले?” आम्ही विचारले.

“सांगून काय झाले असते? तुम्ही रात्री झोपला नसता.”

आगीत काटक्या सरकवणे एवढेच आमच्या हातात होते. सदतीस वर्षे आम्ही ज्याला बेपर्वाई समजलो, तिच्या जागी चाळीस माणसांचे पाणी होते. त्या रात्री आम्ही अब्बांची माफी मागितली. ते म्हणाले, “तू लहान होतास. आता झोप, फज्रनंतर निघायचे आहे.”

काळी सडक आणि मस्कत

पुढच्या दिवशी ग्रेडरने सपाट केलेल्या कच्च्या वाटेने आम्ही पूर्वेला आलो. चाकांत हवा भरली आणि सलाला-मस्कत महामार्गाला लागलो. या दोन शहरांत सुमारे हजार किलोमीटरचे अंतर आहे. मध्ये हैमा नावाचे गाव. त्या बाजूला जिद्दत-अल-हरासीस हे दगडी मैदान लागते. अरबी ओरिक्स हा पांढरा हरिणासारखा प्राणी १९७२ साली जंगलातून संपला होता. तो १९८२ साली इथेच पुन्हा सोडण्यात आला.

आदम, निजवा मागे टाकत चौथ्या दिवशी संध्याकाळी मस्कतचे दिवे दिसले. १९७० साली साऱ्या ओमानमध्ये शाळा तीन आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. आज आठ पदरी रस्ते आहेत, पांढऱ्या इमारती डोंगरांच्या कुशीत बसल्या आहेत. सुलतान काबूस मशिदीत इशा पढली. २००१ साली खुली झालेल्या या मशिदीसाठी तीन लाख टन वालुकाश्म भारतातून आणला होता. अब्बांनी भिंतीवर हात फिरवला. “हा पण आमच्यासारखाच आला,” म्हणाले.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. वाळूत कधीही एका गाडीने जाऊ नये. वाट जाणणारा माणूस सोबत असावा. दिवसाला माणशी किमान पाच लिटर पाणी, आणि ठरल्यापेक्षा दोन दिवसांचे जास्त. डिझेल-पेट्रोलही वाळूत जास्त लागते. फावडे, दोरखंड, हवेचा पंप विसरू नका. बऱ्याच भागांत मोबाइल चालत नाही. उपग्रह फोन ठेवा आणि मार्ग व परतीची वेळ शहरातल्या कुणाला तरी सांगून निघा. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नका. गाडी दिसते, माणूस दिसत नाही. चमकणाऱ्या मिठाच्या सपाटीवर चाक घालू नका. वरची पापडी कोरडी असली तरी खाली चिखल असतो. आणि महामार्गावर रात्रीचा प्रवास टाळा, कारण उंट अचानक सडकेवर येतात.

हे सगळे नियम आम्हाला अब्बांनी सांगितले. ते इतकी वर्षे आमच्या घरात होते. विचारले कुणी नव्हते. तुमच्या घरातही असे कुणी बुजुर्ग असतील. ओमानला जायलाच हवे असे नाही. आज रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “तिथे तुम्ही कुठे राहत होता?” अल्लाह त्यांचा साया आपल्यावर कायम ठेवो.