लहान मुलांना घेऊन लांबचा प्रवास: उरला ते गोवा, लेकरांच्या घड्याळाने

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे: घरात दोन लहान मुलं आहेत, स्वतःच्या गाडीने तीन-चार राज्यं ओलांडून जायचंय, जमेल का? जमेल. आम्ही गेल्या हिवाळ्यात करून आलो. पण त्याआधी एकदा तोच प्रवास मी चुकीचा केला होता. आधी ती चूक सांगतो, कारण आजचं सगळं त्यातूनच आलं आहे.

मी रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत राहतो आणि इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये देखभाल विभागात काम करतो. सासुरवाडी पुण्याची आणि कुलदैवत गोव्यातलं, कवळ्याची शांतादुर्गा. त्यामुळे एक ना एक दिवस हा रस्ता धरावा लागणारच होता. २०२२ च्या दिवाळीत पहिल्यांदा निघालो. दुपारपाळी रात्री दहाला संपली, अकराला गाडी काढली. डोक्यात एकच हिशोब: रात्री रस्ता मोकळा, मुलगी झोपलेली, उद्या रात्रीपर्यंत पुणं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि पुढच्या सीटवर बायकोच्या मांडीवर झोपली होती.

पहाटे तीनच्या सुमारास, साकोली मागे टाकून भंडाऱ्याच्या दिशेने जात असताना, बायको ओरडली, "अहो, गाडी!" डाव्या कडेला एक ट्रेलर उभा होता. मागचे दिवे बंद, अर्धा रस्त्यावर. मी स्टिअरिंग फिरवलं आणि वीतभर अंतराने आम्ही निसटलो. खरी गोष्ट पुढे आहे. ट्रेलर मला उशिरा दिसला तो अंधारामुळे नाही. त्याआधीचे काही क्षण मला आठवतच नाहीत. माझे डोळे मिटले होते.

आमच्या मिलमध्ये एक नियम आहे. अपघात होता होता टळला तरी तो रजिस्टरमध्ये लिहायचा. त्याला आम्ही 'निअर मिस' म्हणतो. कारण आज टळलेला अपघात कारण न शोधता सोडला, तर उद्या तो होतोच. कामावर मी अशा शंभर नोंदी केल्या असतील. घरची ही एक मात्र तीन वर्षं कुणाला सांगितली नाही. आज सांगतोय.

झोप म्हणजे नक्की काय होतं

अशा डुलकीला सूक्ष्म झोप म्हणतात. ती दोन-चार सेकंदांची असते आणि ती लागल्याचं आपल्याला कळतही नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर, म्हणजे तेवढं अंतर गाडी चालकाशिवाय गेली. शरीराच्या घड्याळात झोपेचे दोन खड्डे असतात: पहाटे साधारण दोन ते सहा, आणि दुपारी दोन ते चार. चहा, काच उघडणं, मोठ्याने गाणी, यांनी हा खड्डा बुजत नाही. गाडी थांबवून वीस मिनिटं झोपणं हाच उपाय.

आता मांडीवरच्या मुलाचं बघू. गाडी ताशी ६० ने जाऊन जागच्या जागी थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा मार सुमारे १४ मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. म्हणजे चार मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून. अशा वेळी कुठल्याही आईचे हात मूल धरून ठेवू शकत नाहीत. त्यात प्रेमाचा प्रश्न नाही, ताकदीचा आहे. शिवाय पुढे एअरबॅग असेल तर ती मुलावरच आदळते.

म्हणून पहिली खरेदी मुलांच्या खुर्चीची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची खास खुर्ची लागते, नाहीतर १,००० रुपये दंड. पण दंडासाठी नका घेऊ. अगदी लहान बाळाची खुर्ची मागे तोंड करून आणि मागच्या सीटवरच लावायची. त्याहून मोठ्या मुलाला पट्ट्यांची खुर्ची, आणि त्यानंतर उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे बसायची उंच बैठक, नाहीतर मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. आमचा धाकटा दोन वर्षांचा. पहिले दोन दिवस खुर्चीत रडला. आम्ही निघायच्या पंधरा दिवस आधीपासून त्याला त्याच खुर्चीत बसवून रोज भनपुरीपर्यंत एक चक्कर मारली. प्रवासात रडला नाही.

किलोमीटर मोजू नका, दिवस मोजा

उरल्याहून कवळ्यापर्यंत आमच्या वाटेने सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. मोबाईलचा नकाशा वेळ सांगतो तो न थांबणाऱ्या गाडीचा. मुलं असतील तर त्याला दीडने गुणा. आम्ही दोन नियम केले. एक, दिवसात ३०० किलोमीटरच्या वर नाही. दोन, दर दोन तासांनी किमान वीस मिनिटांचा थांबा, कुणाला गरज वाटो वा न वाटो.

पहिला दिवस, उरला ते नागपूर, सुमारे २९० किलोमीटर. रात्री पूर्ण झोप घेऊन सकाळी सहाला निघालो. भनपुरीहून रिंगरोडने टाटीबंध, तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३. दुर्ग, राजनांदगाव, मग बाघनदी ओलांडली की महाराष्ट्र, देवरी, साकोली, भंडारा. देवरी ते साकोली हा पट्टा नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाजवळून जातो. तो दिवसा पार करायचा. मुलांनाही तो दिवसाच बघण्यासारखा आहे.

दुसरा दिवस, नागपूर ते लोणार, सुमारे ३०० किलोमीटर. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. एकूण ७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा जून २०२५ मध्ये. कारला कमाल वेग ताशी १२०. पण सरळ, एकसारखा रस्ता हा झोपेचा मित्र असतो. डोळे उघडे राहतात आणि मन बधिर होतं. आम्ही १०० च्या आतच राहिलो, आणि इथे बायकोने आणि मी दर तासाला चाक बदललं. चढण्याआधी टाकी भरा, डबा भरा, मुलांना शौचाला नेऊन आणा.

तिसरा दिवस मुद्दाम छोटा. सकाळी लोणारचं सरोवर, उल्का आदळून झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरातलं. मग सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, आणि संध्याकाळच्या आत छत्रपती संभाजीनगर. चौथा दिवस पुणे. तिथे चार दिवस मुक्काम. मग एक दिवस कोल्हापूर, आणि शेवटच्या दिवशी निपाणी, बेळगाव, चोर्ला घाट उतरून गोवा. छत्तीसगड, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा अशी चार राज्यं, आणि गाडी चालवायचे दिवस सहा.

"सहा दिवस? विमानाने दोन तास लागतात," असं आईचं म्हणणं होतं. खरंय. पण रस्त्याने जायचं ठरवलंत, तर रस्त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. तो वेळ तुम्ही दिला नाही, तर तो तुमच्या झोपेतून कापला जातो.

पोट, उलटी आणि ऊन

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून घाटात मोबाईल आणि पुस्तक बंद. लांब डोंगराकडे बघायला सांगा. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी.

खाण्यात दशम्या, केळी, मुरमुरे. चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. घशात अडकलं तर मागच्या सीटवर हात पोचत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएसची पुडी जवळ हवी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका.

आणि एक गोष्ट अगदी ठामपणे: "पाच मिनिटांत आलो" म्हणून मूल बंद गाडीत ठेवायचं नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. विदर्भातून जायचं असेल तर एप्रिल-मे टाळलेलाच बरा.

गाडीची तपासणी

टायरची हवा गाडी थंड असताना, निघण्याआधी तपासा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूला चार आकडी अंक असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी वय बघा. स्टेपनीचंही बघा.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. उरल्यातून रोज सळयांनी भरलेल्या गाड्या याच महामार्गावर जातात. ट्रकच्या बाहेर आलेल्या सळया नेण्यावर २०१४ पासून बंदी आहे, तरी रात्री असा ट्रक दिसणारच नाही, असं मी स्वतः त्या मिलमध्ये काम करून सांगू शकत नाही. मालगाडीच्या मागे किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात.

राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, आणि कुठल्याही राज्यात आणीबाणीला ११२. हे दोन नंबर डॅशबोर्डवर चिकटवा. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी. समृद्धीवर चालत नाही, तिथे टोल वेगळा धरा.

मुलांना काम द्या

शेवटचं, आणि माझ्या मुलीच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सहा वर्षांच्या मुलीला आम्ही एक वही दिली: नद्या लिहायच्या. खारून, शिवनाथ, बाघ, वैनगंगा, कन्हान, वर्धा, गोदावरी, कृष्णा, पंचगंगा. मी फक्त एकच गोष्ट समजावली. खारून आणि शिवनाथचं पाणी महानदीला जातं. बाघनदीपासून पुढचं गोदावरीला. पुण्याकडे आलो की कृष्णेला. हे सगळं पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्रात जातं. चोर्ला घाट उतरताना तिने विचारलं, "बाबा, आता?" मी म्हटलं, आता मांडवीला, आणि पश्चिमेच्या समुद्रात. तिने वहीत बाण उलटा काढला. पूर्ण प्रवासात "कधी पोचणार?" हा प्रश्न तिने दोनदाच विचारला.

येताना साकोली-भंडाऱ्याचा तोच पट्टा लागला, सकाळी साडेदहाला. मी गाडी एका धाब्यावर घेतली. बायकोला विचारलं, "तो ट्रेलर कुठे होता, आठवतंय?" ती म्हणाली, "जागा नाही आठवत. तुमचे डोळे आठवतात." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा कबूल केलं की मला झोप लागली होती. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते."

तर मंडळी, निघा जरूर. फक्त निघण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं घड्याळ बघा आणि त्याप्रमाणे दिवस वाढवा. आणि चाकावर डोळा लागला असेल कधी, तर घरी सांगा. लपवू नका. पुढच्या वेळी कुणीतरी तुम्हाला वेळेत उठवेल, किंवा निघूच देणार नाही.

पुढच्या भागात आजी-आजोबांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघण्याबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा.