वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पोहायला शिकलो



आपल्या या अंकातून ऊस लागणीविषयी, खोडव्याच्या निगेविषयी, ठिबकाविषयी जाणकार मंडळी नेहमीच लिहितात. माझा तो अधिकार नाही. मी पाचोड शिवारातला एक साधा सभासद. चार एकर ऊस, तीन एकर मोसंबी, वडिलांच्या वेळची एक बांधीव विहीर आणि अलीकडे केलेले एक शेततळे, एवढाच माझा पसारा. पण त्या शेततळ्याने मला एके दिवशी जो धडा दिला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली. मोटार पाणी ओढेना. फुटव्हॉलला शेवाळ अडकले असणार म्हणून हातात बांबू घेऊन मी शेततळ्याच्या उतारावर दोन पावले टाकली. तिसरे पाऊल टाकायचे कामच पडले नाही. ओल्या प्लास्टिकवरून घसरत मी थेट पाण्यात. पोहण्याचे नाव नाही. दोन गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेले, आणि दैव बलवत्तर म्हणून मोटारीचा काळा पाईप हाताला लागला. त्याला धरून वर चढायला पाहावे तर पाय टेकतो तिथून सटकतो. हातात घड्याळ होते, पण ते बघायला हात मोकळा नव्हता, म्हणून किती वेळ लोंबकळत होतो ते आजही सांगता येत नाही.

मंडळी भाकरी घेऊन आली तेव्हा तिने हे पाहिले. ती ओरडत बसली नाही, आणि पाण्याकडेही धावली नाही. गाईचा कासरा सोडला, एक टोक कुंपणाच्या अँगलला बांधले, दुसरे माझ्याकडे फेकले आणि म्हणाली, "अहो, आधी मनगटाला गुंडाळा, मग पाईप सोडा." मी वर आलो. तिने जर घाबरून उडी घेतली असती तर आमच्या घराला त्या दिवशी दोन माणसांचे सुतक आले असते. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा जातो, आणि दोघेही जातात.

आता तुम्ही म्हणाल, विहिरीच्या काठी वाढलेला माणूस, पोहता कसे येत नाही? त्याचे असे झाले. मी लहान असताना आमच्या आळीतला एक मुलगा विहिरीत गेला. त्या दिवसापासून आईने मला विहिरीच्या काठावर उभे राहू दिले नाही. बाकीची पोरे कमरेला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा नाहीतर सुका भोपळा बांधून शिकली, मुटके मारू लागली. मी वरून बघत राहिलो. आईची काळजी खरी होती, पण तिने पाण्यापासून दूर ठेवले म्हणून पाणी काही माझ्यापासून दूर राहिले नाही.

आणि मी एकटाच असा नाही. आपल्याकडे पोहणे शिकायचे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, विहिरीत. पण १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, पुढे बोअर आले. बोअरमध्ये काही पोहता येत नाही! २०१२-१३ आणि २०१५-१६ ला तर मे महिन्यात प्यायला टँकर, तिथे पोहणार कशात? त्यामुळे आजची तिशी-चाळिशीतली पुष्कळ मंडळी कोरडीच राहिली. इकडे पाणी मात्र दुसऱ्या वाटेने परत आले आहे. पैठणला नाथसागर आहेच. १९७६ साली जायकवाडीचे उद्घाटन झाले तेव्हापासून कालवे आले. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मोसंबी जगवण्यासाठी आपल्या भागात शेततळी झाली.

विहीर आणि शेततळे यात फरक आहे, तो नीट समजून घ्या. बांधीव विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काहीतरी लागते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी बसते, आणि चारही बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिकचा उतार. त्यावर शेवाळ धरले की चांगला पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, मग माझ्यासारख्याची काय कथा. लहान मूल, वासरू, कुत्रे, कोणीही आत गेले की गेले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद अडतीस हजारांच्या वर आहे.

त्या प्रसंगानंतर मी ठरवले की शिकायचेच. माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करायला आमच्याकडे राहिला होता. त्याला म्हटले, "भाचेबुवा, आता तुम्हीच गुरू." पावसाळ्यानंतर विहीर सहाव्या पायरीपर्यंत भरली होती. शेततळ्यात शिकायचे नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावले. दुसरे बजावले ते असे की आत उतरण्याआधी मोटारीचा मेन स्विच बंद करायचा, नुसता स्टार्टर नव्हे. केबलला कुठे चीर असली तर पाण्यात करंट उतरतो आणि पट्टीचा पोहणाराही त्यात सापडतो. रक्तदाब आहे म्हणून डॉक्टरांना आधी विचारून घेतले. पन्नाशीच्या पुढच्यांनी तेवढे करावेच.

मला वाटले होते, पहिल्या दिवशी हात मारायला शिकवील. तर त्याने तीन दिवस नुसते पायरीवर बसवले. छातीइतके पाणी. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात घालायचे आणि नाकातून बुडबुडे सोडायचे. एवढेच. लहान पोराचा खेळ वाटावा, पण मला पहिल्या दिवशी पाच वेळाही जमले नाही. माणूस घाबरला की श्वास कोंडून धरतो. मग डोके वर आल्यावर आधी सोडू की आधी घेऊ असे होते, आणि तेवढ्यात पाणी आत जाते.

चौथ्या दिवशी कमरेला दोर बांधला. दोराचे दुसरे टोक भाच्याच्या हातात. पाठीला पाच-पाच लिटरचे दोन रिकामे तेलाचे कॅन, बूच घट्ट लावलेले. पायरी धरून पाय मागे सोडायचे. माझे पाय जे खाली जात ते वर येईनात. भाचा म्हणाला, "मामा, कुस्ती नका खेळू पाण्याशी. मान खाली टाका, गप पडा." यामागचे शास्त्र असे की आपण जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके पाणी आपल्याला वर उचलते. छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसांचे अंग पाण्यापेक्षा किंचित हलकेच असते. पण डोक्याचे वजन चार-पाच किलो. ते पाण्याबाहेर काढायला गेलो की तेवढे वजन पाण्याच्या आधाराबाहेर जाते आणि पाय खाली बसतात. बुडणारा माणूस नेमके हेच करतो. डोके वर काढतो, हात वर करतो, आणि खाली जातो.

काठावर बघे जमत. एकाने विचारले, "मामाला रस काढायला टाकलं का रे?" दुसरा म्हणाला, "गाळप झालं की चिपाड वर येईल." हसू द्या. हसणाऱ्या दोघांपैकी एकाला पोहता येत नव्हते, हे मला नंतर कळले. पुढच्या आठवड्यात तोही लुंगी खोचून पायरीवर येऊन बसला.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी उताणा तरंगलो. कान पाण्यात, डोळ्यांवर विहिरीएवढे गोल आभाळ. छातीतला ठोका ऐकू येत होता. त्रेपन्न वर्षांत पाण्याने मला पहिल्यांदाच धरले होते. पुढे एक कॅन काढला, मग दुसरा, आणि महिन्याच्या आत मी विहिरीच्या या काठावरून त्या काठाला गेलो. विहिरीचा व्यास पंचवीस फूट. कोणी म्हणेल, पंचवीस फुटांचे काय कौतुक! पण शेततळ्यात मी पाईपपासून लांब पडलो असतो तर मला तेवढेच पोहायला लागले असते.

वयाची आणि अंगाची सबब सांगणाऱ्यांना मी मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातले हे जवान. मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले, आणि उपचार म्हणून पोहण्याकडे वळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला तर पदक आणायचे नाही, फक्त काठाला लागायचे आहे.

शेततळ्याच्या बाबतीत मी आता काय केले तेही सांगतो. चारही बाजूंना हात-हातभर अंतराने गाठी मारलेले जाड दोर अँगलला बांधून पाण्यात सोडले आहेत. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून ती दोरासह कुंपणाला अडकवली आहे. जाळीच्या फाटकाला कुलूप. सगळा खर्च एका पोत्या खताच्या आसपास आला. कोणी बुडताना दिसले तर आधी दोर, बांबू, रिकामी घागर, लुगडे, जे हाताला येईल ते फेकावे. उडी मारू नये. आणि वर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे, कुंभाराच्या चाकावर फिरवणे हे जुने प्रकार करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे नुसते वाचून येत नाही. कारखान्याने गळीत हंगामापूर्वी एखाद्या डॉक्टरांना बोलावून सभासदांना आणि ऊसतोड मजुरांना दाखवावे, अशी संचालक मंडळाला विनंती आहे. तोडकऱ्यांच्या कोप्या पाण्याच्या काठालाच पडतात आणि त्यांची पोरे दिवसभर मोकळी असतात.

भाचा आता भरती होऊन गेला. मागच्या पावसाळ्यात विहीर भरली तेव्हा मंडळी पायरीवर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला कोण शिकवणार? आणि साडीवर पोहता येतं का?" मी म्हटलं, साडी पायात गुंडाळते, सलवार-कुडता पाहिजे. दुसऱ्याच दिवशी तिने सुनेचा जुना ड्रेस उसवून आपल्या मापाचा करून घेतला. सध्या ती बुडबुड्यांवर आहे. दोर माझ्या हातात असतो.