थर्माकोलच्या झाकणावरून सुवर्णपदकापर्यंत

भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे मासळी आणायला जाणाऱ्यांना थर्माकोलच्या पेट्या काही नव्या नाहीत. बर्फात मासळी घालायची, वर झाकण दाबायचे आणि पेटी टेम्पोत चढवायची. पेटी फुटली की झाकण उकिरड्यावर जाते. अशाच एका झाकणावर उभा राहून लाटेवर तोल सांभाळायला शिकलेला मुलगा पुढे ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकतो, ही हकिकत आमच्या वाचनात आली. ती आपल्या घरातल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावी, असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

त्या मुलाचे नाव इतालो फरेरा. ब्राझील देशाच्या ईशान्येला रिओ ग्रांदे दो नॉर्ते नावाचे राज्य आहे. तेथल्या बाइया फोर्मोझा या मच्छीमारांच्या लहानशा गावी त्याचे बालपण गेले. जन्म ६ मे १९९४. वडील होडीवाल्यांकडून मासळी घेत आणि हॉटेलांना विकत. मासळीची पेटी घरचीच. तिचे झाकण पोराने उचलले आणि समुद्र गाठला.

समुद्र फुकट, फळी विकतची

सर्फिंग म्हणजे लांबट फळीवर उभे राहून फुटणाऱ्या लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ. समुद्राला दार नाही, प्रवेश फी नाही. पण फळी मात्र विकत घ्यावी लागते आणि ती गरिबाच्या आवाक्यातली नसते. शिवाय ती मोडते. एकदा घेतली की जन्माची सोय झाली, असे नाही. इतालोच्या घरी फळीसाठी पैसा नव्हता. आधी झाकण, मग चुलत-मावस भावंडांच्या उसन्या फळ्या, अशी त्याची शाळा झाली. बारा वर्षांचा होईतो तो आसपासच्या स्पर्धा जिंकू लागला. लुईझ काम्पोस नावाच्या गृहस्थांची नजर त्याच्यावर पडली. या गृहस्थांना तिकडे ‘पिंगा’ म्हणून ओळखतात. हुशार पोरे हेरून त्यांना पुढे आणणे हे त्यांचे काम. २०११ साली इतालोने कुमार गटाच्या दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या जिंकल्या, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

लाटेची वाट पाहणे

या खेळाडूंचा दिवस कसा जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. उजाडण्यापूर्वी उठायचे, वारा कुठला आहे, भरती केव्हा आहे, लाट कशी फुटते आहे, हे पाहायचे. पाण्यात उतरल्यावर बहुतेक वेळ जातो तो फळीवर पालथे पडून हाताने पाणी मारण्यात. लाटेवर उभे राहणे काही सेकंदांचेच. त्या काही सेकंदांसाठी खांदे, पाठ आणि दम तासन्‌तास कमवावा लागतो.

स्पर्धेचेही वेगळेच आहे. क्रिकेटचा सामना ठरल्या दिवशी होतो. येथे मात्र स्पर्धेसाठी आठ-दहा दिवस राखून ठेवतात आणि ज्या दिवशी लाटा चांगल्या असतील त्याच दिवशी सामने घेतात. तोवर सगळे किनाऱ्यावर वाट पाहत बसतात. सामना साधारण तीस-पस्तीस मिनिटांचा. पाच परीक्षक प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात. त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. अशा उत्तम दोन लाटांची बेरीज, म्हणजे वीसपैकी गुण, यावर निकाल लागतो. एखादाच सुंदर झोका घेऊन भागत नाही, दुसरा त्याच तोडीचा लागतो.

आम्ही कारकून माणसे. आमचे लक्ष आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. आज ऑस्ट्रेलिया, उद्या ताहिती, परवा हवाई बेटे, सोबत फळ्यांचे गाठोडे. ज्याच्यामागे कोणी उभे नाही, त्याचा खेळ विमानतळावरच संपतो. गुणवान मुले किनाऱ्याकिनाऱ्यावर असतील, पण प्रत्येकाला काम्पोससारखा माणूस भेटतोच असे नाही.

आठ मिनिटे आणि उसनी फळी

२०१५ साली इतालो जगातल्या पहिल्या फळीच्या व्यावसायिक फेरीत दाखल झाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचला त्याने अंतिम सामन्यात मिक फॅनिंगला हरवले. फॅनिंग हा तीन वेळचा जगज्जेता, आणि ती त्याची निरोपाची स्पर्धा होती.

पण आम्हांला अधिक भावला तो सप्टेंबर २०१९ मधला प्रसंग. जपानमध्ये मियाझाकीला जागतिक स्पर्धा होती. तीत उतरल्याशिवाय ऑलिम्पिकचे दार उघडणार नव्हते. नेमकी त्याच वेळी अमेरिकेत त्याच्या गाडीतून चोरी झाली, त्यात पासपोर्ट गेला. नवी कागदपत्रे करण्यात दिवस गेले. त्यात वादळाने विमानाला उशीर. विमानतळावरून तो थेट किनाऱ्यावर पोहोचला, तेव्हा त्याचा सामना सुरू होऊन बराच वेळ झाला होता. जेमतेम आठ मिनिटे उरली होती. स्वतःची फळी नाही, पोहण्याचे कपडे नाहीत. अंगावरच्या जीनच्या अर्ध्या चड्डीनिशी, आपल्याच देशाच्या फिलिपे तोलेदोची फळी घेऊन तो पाण्यात धावला आणि तो सामना जिंकला. पुढे संपूर्ण स्पर्धाही जिंकली. उसन्या फळीवर उभे राहणे त्याला नवे नव्हते, ते तर तो लहानपणीच शिकला होता.

त्याच वर्षी डिसेंबरात हवाईच्या पाइपलाइन किनाऱ्यावर देशबंधू गाब्रिएल मेदिनाला अंतिम फेरीत हरवून तो जगज्जेता झाला.

फळी मोडली, तरी

टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. करोनामुळे ही स्पर्धा वर्षभर लांबली. २७ जुलै २०२१ रोजी त्सुरिगासाकी किनाऱ्यावर अंतिम सामना झाला. वादळ जवळ येत होते, समुद्र खवळलेला होता. समोर जपानचा कानोआ इगाराशी. सामना सुरू होतो न होतो तोच इतालोची फळी मोडली. त्याने किनारा गाठला, दुसरी फळी घेतली आणि पुन्हा पाण्यात शिरला. निकाल लागला १५.१४ विरुद्ध ६.६०. सर्फिंगचे ऑलिम्पिकमधले पुरुषांचे पहिले सुवर्णपदक मासळी विकणाऱ्याच्या मुलाने नेले. पदक मिळाल्यावर त्याला रडू आवरले नाही. हा दिवस पाहायला आजी हयात हवी होती, असे तो म्हणाला.

नंतर सगळे गोडच झाले असे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी ब्राझीलच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यातही तो हरला. मात्र तो खचला नाही, खेळत राहिला. आपल्या गावी मुलांसाठी त्याने संस्थाही काढली आहे. ज्या वाळूत आपण झाकण घेऊन धावलो, तेथल्या पुढच्या पोरांना त्याने विसरले नाही, हे आम्हांला पदकाइतकेच मोलाचे वाटते.

आपल्याकडचे उदाहरण

हे सगळे लांबचे, असे कोणी म्हणेल. आपल्याही देशात हा खेळ रुजतो आहे. केरळात कोवळमच्या किनाऱ्यावर गरीब वस्तीतल्या मुलांसाठी चालणाऱ्या सर्फिंग क्लबचा एक नियम आहे: शाळा नाही, तर सर्फिंग नाही. जो वर्गात हजर, त्यालाच फळी. याच कोवळमच्या लाटांवर वाढलेल्या रमेश बुदिहाळने ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूत ममल्लपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय.

आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. पोराने घरातली एखादी टाकाऊ वस्तू उचलून तिचा खेळ मांडला, तर लगेच पाठीत धपाटा घालू नये. अभ्यासाची वेळ पक्की ठेवावी, त्यात सवलत नको. पण तेवढे झाल्यावर त्याला खेळू द्यावे. आणि आपण जी चार शिकलेली, नोकरीला लागलेली माणसे आहोत, त्यांनी आपल्या वस्तीतले असे एखादे पोर हेरून त्याच्या बुटाचा, बॅटचा, गाडीभाड्याचा खर्च उचलावा. झाकण पोरे स्वतः शोधतात, त्यांना फळी देणारा माणूस मात्र आपल्यातूनच उभा राहिला पाहिजे.