कानाचं मशीन नेमकं काय करतं?

आजोबांशी हळू बोललं तर ते ‘काय?’ म्हणतात आणि जरा आवाज चढवला की ‘ओरडतोस कशाला, बहिरा नाहीये मी’ असं सुनावतात. घरात मग कुजबुज सुरू होते: यांना सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. खरं तर या दोन्ही तक्रारी एकाच बिघाडातून येतात. तो बिघाड कळला तर श्रवणयंत्राकडून काय मागावं आणि काय मागू नये, हेही कळतं.

कानाच्या अगदी आतल्या भागात शंखाच्या आकाराची, द्रवाने भरलेली नळी असते. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूकडे निरोप पाठवतात. उरलेल्या, म्हणजे बाहेरच्या रांगांमधल्या पेशींचं काम वेगळं: बारीक आवाज आला की त्या तो आतल्या आत वाढवून देतात. वयाने किंवा वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने बहुतेक वेळा आधी खराब होतात त्या याच, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे बारीक आवाज ऐकूच येत नाही. मोठ्या आवाजाला मात्र त्यांची मदत लागत नसल्यामुळे तो पूर्वीइतकाच कानावर आदळतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यातली जागाच आकसते.

दुसरी गोची शब्दांची. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयपरत्वे त्या आधी जातात. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले. स, श, फ, ख, त यांसारखी व्यंजनं दुबळी, आणि त्यांची ओळख मुख्यतः वरच्या पट्टीत. ‘ताट घे’ म्हटलं की त्यातला ‘आ’ ठणठणीत पोचतो, ‘त’ वाटेतच गळतो. मग ते ताट होतं, पाट होता की खाट, हे संदर्भावरून ओळखायचं. म्हणून ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ ही तक्रार शंभर टक्के खरी असते. टीव्हीचा आवाज वाढवूनही फारसं भागत नाही, कारण जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं होतं.

कुठल्या पट्टीत किती गेलंय, हे ऑडिओग्राम सांगतो. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकशी टूं ऐकू आली की बटण दाबायचं. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्या तपासतात. कागदावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज येतो. कानामागच्या हाडावर कंपन देऊनही तपासतात. हाडातून आवाज नीट पोचतो पण कानातून पोचत नाही, असं निघालं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: साठलेला मळ, पडद्याला भोक, आत धरलेलं पाणी. यातलं बरंचसं औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट, मशीनचं दुकान नंतर. ऑडिओलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

आता मशीन. एक मायक्रोफोन, एक चिप, एक छोटासा स्पीकर आणि बॅटरी, एवढाच संसार. खरी करामत चिपची. ती आलेला आवाज पट्ट्यांमध्ये वेगळा करते आणि ऑडिओग्राम बघून प्रत्येक पट्टी हवी तेवढीच वाढवते. शिवाय बारीक आवाज पुष्कळ वाढवायचा, मध्यम आवाज बेताने, मोठ्याला जवळपास हात लावायचा नाही आणि ठरलेल्या मर्यादेपुढे काहीच जाऊ द्यायचं नाही, हा हिशेबही तीच सांभाळते. आकसलेल्या जागेत सगळं बसवायचं ते असं. ऑनलाइन मिळणारी ‘आवाज वाढवणारी’ स्वस्त यंत्रं सगळं सरसकट वाढवतात. ती घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र महागड्या मशीनकडूनही चमत्काराची अपेक्षा नको. दोन मायक्रोफोन असलेलं मशीन समोरच्याचा आवाज पुढे आणतं, पंख्याची घरघर दाबतं. पण दहा जण एकदम बोलत असताना त्यातला नेमका एक आवाज वेचून देणं कुठल्याही मशीनला अजून पूर्णपणे साधलेलं नाही.

माझ्या मते किमतीपेक्षा जुळवणी महत्त्वाची. प्रत्येकाची कानाची नळी वेगळी, त्यामुळे तेच मशीन दोघांच्या कानात वेगळा आवाज देतं. यासाठी ‘रिअल इअर मेझरमेंट’ ही तपासणी असते: पडद्याजवळ पोचेल अशी पातळ, मऊ नळी कानात ठेवून तिथे खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजतात. सगळीकडे ती होत नाही. कॉम्प्युटरने सुचवलेल्या आकड्यांवर भागवलं जातं. नाव घेऊन मागा.

कानात दडणारं मशीन दिसत नाही म्हणून अनेकांना हवं असतं. पण बोटं थरथरत असतील तर तेवढीशी बॅटरी बदलणं हीच शिक्षा होते. अशांना कानामागचं किंवा चार्जिंगचं बरं. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी. स्टिकर पुन्हा चिकटवून ती वाचत नाही. मशीन शिट्टी वाजवत असेल तर बहुधा साचा सैल झालाय किंवा कानात मळ आहे. एकदम बंद पडलं तर आधी स्पीकरच्या तोंडाची जाळी बघावी, मळ तिथेही अडकतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मशीनचा जीव घेतात. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय हवी.

चष्मा लावल्याबरोबर दिसतं, तसं इथे होत नाही. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटतात: वर्तमानपत्राची सळसळ, भांडी, नळाचं पाणी, स्वतःचाच घुमणारा आवाज. पहिले काही दिवस शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावावं, रोज वेळ वाढवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी टोचणाऱ्या आवाजांची यादी घेऊन पुन्हा जुळवणी करून घ्यावी. नेमकं याच टप्प्यावर कंटाळून मशीन कपाटात जातं.

घरच्यांनाही थोडं बदलावं लागतं. स्वयंपाकघरातून हाका मारण्यापेक्षा समोर यावं. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने वाढतो, फुकटात. चेहऱ्यावर उजेड हवा, मिक्सर आणि टीव्ही बंद. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून सांगण्यापेक्षा शब्द बदलून सांगावं. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे तर कधीच म्हणू नये. त्या तीन-चार शब्दांनी माणूस गप्पांतून उठून जातो.

खर्च झेपत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत पात्र व्यक्तींना मशीन मिळू शकतं. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तपासणी आणि योजना, दोन्हींची चौकशी तिथे करता येते.

हे सगळं हळूहळू कमी होणाऱ्या ऐकण्याबद्दल झालं. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावर स्टेरॉइडचे उपचार आहेत, पण ते लवकर सुरू झाले तरच ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते.