कॉलेज सुटले तरी पदवी सुटत नाही

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. एका संध्याकाळी माझी जुनी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन घरी आली. बारावी कॉमर्समध्ये ७१ टक्के. ‘सलाम टीचर’ म्हणून मुलगी गप्प बसली, बोलली ती अम्मी. अब्बा उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग करतात, घर अंबरनाथला. घरी जीन्सचे धागे कापायचे काम येते आणि त्यात या मुलीचा हात सर्वांत चपळ. "टीचर, ही कॉलेजला गेली तर धागे कोण कापणार? फी वेगळी, पास वेगळा." मुलगी फरशीकडे बघत होती.

मी रागावले नाही. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात अशी घरे मी वीस वर्षे पाहते आहे. मुलगे एमआयडीसीत पाळीवर लागतात, मुली घरकामात आणि मग निकाहाच्या बोलण्यांत अडकतात. ‘बाद में देखेंगे’ म्हणतात, ते ‘बाद में’ काही येत नाही. अशा घरांना दूरशिक्षण हा पुष्कळदा एकमेव रस्ता असतो. मी स्वतः उर्दूत एम.ए. केले ते नोकरी आणि तान्हे मूल सांभाळत, असेच.

त्या संध्याकाळी चहा होईपर्यंत मी त्यांना चार नावे लिहून दिली. मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग १९७१ पासून चालू आहे. लोक त्याला अजून ‘आयडॉल’च म्हणतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. तिथे मराठीतून शिकता येते आणि अभ्यासकेंद्रे गावोगावच्या कॉलेजांत असतात. दिल्लीचे इग्नू १९८५ चे. तिथे जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश होतात, म्हणजे जून हुकला तरी वर्ष वाया जात नाही. आणि हैदराबादची मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी, १९९८ ची, उर्दू माध्यमातून पदवी देणारी. उर्दू शाळेत शिकलेल्या मुली इंग्रजीच्या धाकाने कॉलेज सोडतात, त्यांच्या घरांत हे नाव पोहोचलेलेच नसते.

अम्मीचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "पण टीचर, ही डिग्री चालते का?" चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सगळा जोर ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर. माझ्या नात्यातल्या एका मुलाने स्टेशनजवळच्या एका एजंटाला ‘एका वर्षात ग्रॅज्युएट’ म्हणून चाळीस हजार दिले. मार्कशीट चकचकीत आली. नोकरीच्या वेळी पडताळणी झाली, तेव्हा कळले की त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायची परवानगीच नव्हती. पैसे गेले ते गेले, दोन वर्षेही गेली, आणि पोरगा आजही त्या विषयावर बोलत नाही. म्हणून फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाबरोबर अभ्यासक्रमाचेही नाव शोधा. आता प्रवेशासाठी तिथेच विद्यार्थ्याचा डीईबी-आयडी काढावा लागतो. त्याआधी एबीसी आयडी लागतो, तो डिजिलॉकरवरून निघतो. हे काम मोबाईलवर होते, एजंट कशाला हवा?

इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली घरबसल्या होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तर उठून यावे.

आणि दूरशिक्षण सोपे आहे, हाही गैरसमज. कॉलेजात निदान हजेरीचा धाक असतो. इथे पुस्तकांचा गठ्ठा कपाटावर तसाच राहतो आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी उघडतो. इग्नूत साधारण ३० टक्के गुण असाइनमेंटचे असतात. ती दिलीच नाहीत तर परीक्षेत कितीही लिहा, विषय अडकून राहतो. माझा अनुभव विचाराल तर फजरनंतरचा एक तास पुस्तकाला बांधून ठेवावा. आमच्या दोन खोल्यांच्या घरांत तेवढीच शांतता मिळते.

मुलीने इग्नूत बी.कॉम.ला नाव घातले. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला तिथे सहा वर्षांपर्यंत मुभा असते, हे ऐकून अब्बा जरा सैलावले. धागे अजून कापते. पण दुपारी दोन ते चार घरात तिला कुणी हाक मारायची नाही, असे त्यांनीच ठरवून दिले आहे. पहिल्या असाइनमेंटचे कागद दाखवायला ती आली तेव्हा अम्मीही सोबत होती. जाताना दारात थांबली. "टीचर, मी नववीत शाळा सोडली. माझ्यासाठी काही आहे?"

आहे. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावी तिथे उर्दूतूनही देता येते, मराठीतूनही, आणि वयाची वरची अट नाही. वयाचा दाखला लागेल, एवढे मी सांगितले. शाळा सोडल्याचा दाखला माहेरी भुसावळला पेटीत आहे म्हणाली. ईदला जाईल तेव्हा घेऊन येणार आहे.